परीक्षानळीतली राणी

जूनच्या पहिल्या दणक्या पावसानंतर एखादा दिवस उघडीप मिळते. हवा कोंदट असते आणि संध्याकाळी जिन्यातल्या दिव्याखाली पंखवाल्या किड्यांचा खच पडतो. त्यातली बहुतेक असते वाळवी. चारही पंख सारख्याच लांबीचे आणि अंगाला कंबर नाही, तर ती वाळवी समजावी. बारीक कंबर, कोपरात वाकवल्यासारख्या मिशा आणि मागच्यांपेक्षा मोठे पुढचे पंख दिसले, तर ती मुंगी. आणि पंख गळालेली, छातीचा भाग भरदार असलेली एखादी भिंतीच्या कडेकडेने फट शोधत एकटीच फिरत असेल, तर ती बहुधा राणी.

मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचं मरण जवळ आलं, असं आपण म्हणतो. नरांच्या बाबतीत ते तंतोतंत खरं आहे. मीलन झालं की ते फार दिवस जगत नाहीत. राण्यांपैकीही बहुतेक जणी पाली, पक्षी आणि दुसऱ्या मुंग्यांच्या तोंडी जातात. उरते तिचं चरित्र मात्र इथून सुरू होतं. ती पंख स्वतःच मोडून टाकते, जमिनीत शिरते आणि आतून दार लावून घेते. नराकडून मिळालेलं बीज ती पोटातल्या एका पिशवीत जन्मभर पुरवून वापरते. पहिली लेकरं कामाला लागेपर्यंत ती काही खात नाही. एकदाच उडायला लागलेले पंखांचे स्नायू आता तिच्या अंगातच विरघळतात आणि त्यांवर ती स्वतः जगते, अळ्यांनाही भरवते.

मुंग्या पाळायच्या म्हणजे हे बंद दार आपल्या घरात आणायचं. मी पाळतो ते आपले साधे काळे मुंगळे, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. कडुनिंबाच्या, बाभळीच्या बुंध्याशी बीळ करतात, झाडावरच्या माव्याचा गोड पाझर पितात. गुळाच्या ढेपेला चिकटलेला मुंगळा ओढला तर तुटतो पण सुटत नाही, हे लहानपणी ज्याने केलंय त्याला या प्राण्याची जिद्द वेगळी सांगावी लागत नाही. त्यांना नांगी नसते. ते चावतात आणि चाव्यावर आम्ल सोडतात. चुरचुरतं, पण सोसवतं. अंगाने मोठे असल्यामुळे चष्मा लावून सगळं नीट दिसतं.

सामान थोडं लागतं. एक परीक्षानळी घ्यायची. तिच्यात तिसऱ्या हिश्शापर्यंत पाणी भरायचं आणि वरून कापसाचा बोळा असा घट्ट सारायचा, की तो ओला राहावा पण पाणी झिरपू नये. मग राणी आत सोडून तोंडाला कोरडा बोळा लावायचा. झालं तिचं बाळंतघर. पाण्यामुळे ओल टिकते, कोरड्या बोळ्यातून हवा येते. नळी फडक्यात गुंडाळून कपाटात आडवी ठेवायची, हादरा बसणार नाही अशा जागी.

आणि पाहायचं नाही. सगळी कला या एका गोष्टीत आहे, आणि हीच सगळ्यात अवघड आहे. पहिल्या वर्षी मी रोज रात्री विजेरी लावून अंडी मोजत होतो. सात झाली, नऊ झाली, मग पाच, मग एकही नाही. राणीनेच ती खाल्ली होती. सतत उजेड आणि हादरे येत असतील, तर ही जागा धोक्याची आहे असं ती धरते आणि घातलेलं अन्न अंगात परत घेते. तिच्या जागी ते शहाणपणच आहे. ती राणी ऑगस्टमध्ये मेली. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण तिला ना भूक मारत होती ना रोग, फक्त माझं बघणं नडलं.

दुसऱ्या वर्षीच्या राणीला मी आठवड्यातून एकदाच पाहिलं, तेही नळीवर लाल पारदर्शक कागद लावून. या कागदामागे एक जुनी गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सर जॉन लबक नावाचे बँकर आणि खासदार होते, चार्ल्स डार्विनचे शेजारी. काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून ते मुंग्या पाळत. लोलकातून आलेले रंग त्यांनी मुंग्यांच्या कोषांवर पाडून पाहिले. मुंग्यांनी पोरं उचलली आणि जांभळ्यातून, इतकंच नव्हे तर जांभळ्याच्याही पलीकडच्या, माणसाला न दिसणाऱ्या उजेडातून काढून तांबड्याकडे नेऊन ठेवली. तांबडा उजेड त्यांना जवळपास अंधारासारखाच. मुंग्या, मधमाश्या आणि गांधीलमाश्यांवरचं त्यांचं पुस्तक 1882 साली आलं. त्यांच्याकडच्या दोन राण्या तेरा-चौदा वर्षं जगल्या. पुढे युरोपातल्याच एका काळ्या बागमुंगीची राणी पाळणाऱ्याकडे 28 वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. कापसाच्या बोळ्यामागे आपण किती वर्षांचा जीव ठेवतोय, हे नळी हातात घेताना लक्षात असावं.

माझ्या नळीत अंड्यांचा पुंजका झाला, त्यातून वळलेल्या, मान हलवणाऱ्या अळ्या निघाल्या आणि अळ्यांनी स्वतःभोवती गव्हाळ रंगाचे कोष विणले. 38व्या दिवशी एका कोषाच्या टोकाला काळा ठिपका दिसत होता. राणी त्या टोकाशी बसून जबड्याने कोष कुरतडत होती. एक धागा ओढायची, थांबायची, मिशांनी चाचपायची, पुन्हा ओढायची. तासाभराने एक पाय बाहेर आला, मग चुरगळलेली मिशी. राणीने तिला अलगद ओढून घेतलं आणि चाटायला लागली. नवी मुंगी फिकट, कच्च्या चिंचोक्याच्या रंगाची होती. काळी व्हायला तिला काही दिवस लागले. पहिली पिढी नेहमी बारकी असते, कारण राणीच्या अंगातली शिदोरी तेवढीच असते. पण याच बारक्या पोरी पुढचे कोष फोडतात, अन्न शोधतात आणि आईला भरवतात.

आता खायला द्यायचं. साखरेच्या पाण्याचा टाचणीच्या डोक्याएवढा थेंब द्यावा, मोठ्या थेंबात त्या बुडतात. अळ्यांना वाढीसाठी मांस लागतं. रॅकेटने मारलेला डास चालतो, फवारणीने मेलेलं झुरळ कधीच नाही. थेंब पिऊन आलेल्या मुंगीचं पोट इतकं फुगतं, की काळ्या कवचांच्या मधल्या पापुद्र्याचे फिकट पट्टे दिसू लागतात. पण त्यातलं फार थोडं तिचं असतं. पोटात आधी एक सामाईक थैली असते आणि तिच्या मागे खाजगी जठर. ती आत जाते, दुसरीच्या तोंडाला तोंड लावते आणि थैलीतला थेंब वर आणते. अर्ध्या तासात एकीने प्यालेलं पाणी सगळ्या घरात पोचतं.

बिनसतं ते बहुधा बाहेरून. स्वयंपाकघरातल्या बारीक लाल मुंग्या कापसातून घुसल्या, तर एका रात्रीत अंडीसुद्धा उरत नाहीत. माझी आजी दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, मुंग्या लागू नयेत म्हणून. नळीचा डबा मी तसाच परातीत ठेवतो. मुंगळे बाहेर पडू नयेत म्हणून डब्याच्या काठाला आतून टाल्कम पावडर स्पिरिटमध्ये कालवून लावतात. वाळली की तिच्यावरून पाय घसरतात. पण आपल्या पावसाळ्यात ती दमट होऊन निकामी ठरते, तेव्हा व्हॅसलीनचा पातळ हात बरा. घाई करून मोठं घर देऊ नये. पन्नासेक मुंग्या होईपर्यंत नळी आणि लहानसा डबा पुरतो. नंतर बांधकामावर मिळणारा एएसी ब्लॉक कोरून, वर काच बसवून छान घर होतं. तो ओल धरून ठेवतो.

राणी आपल्याच गावची असावी, यावर मी अडून बसेन. एप्रिल 2025 मध्ये केनियात बेल्जियमच्या दोन तरुणांकडे सुमारे 5,000 मुंग्या सापडल्या, बहुतेक राण्या. परदेशातल्या हौशी लोकांना विकण्यासाठी त्या दोन हजारांहून अधिक नळ्यांत भरल्या होत्या, आत ओला कापूस घालून. अगदी माझ्या कपाटातल्यासारख्या नळ्या. न्यायालयाने प्रत्येकी दहा लाख केनियन शिलिंगचा दंड किंवा वर्षभराचा तुरुंगवास सुनावला. एकेक राणी म्हणजे एकेक न झालेलं वारूळ असतं. शिवाय परक्या मुलखातली मुंगी निसटून रुजली, तर तिथल्या मुंग्यांवर काय ओढवतं याची उदाहरणं जगभर आहेत.

गेल्या मार्चमध्ये माझ्या नळीतलं पाणी संपत आलं. हात लावून मुंग्या हलवायच्या नाहीत, म्हणून शेजारी नवी ओली नळी फडक्याखाली ठेवली आणि जुनीवरचं फडकं काढलं. दोन दिवस काहीच नाही. एकटी-दुकटी जाऊन आत मिशा फिरवून यायची. तिसऱ्या रात्री अकराच्या सुमारास एक जण अळी तोंडात धरून निघाली. मग रांगच लागली. आधी अंडी गेली, मग अळ्या, मग कोष, आणि जुन्या नळीत राणी आणि चार-पाच जणीच उरल्या. त्यांतली एक राणीचा जबडा धरून मागे मागे सरकत तिला ओढू लागली. राणी जागची हलेना. ती मुंगी सोडून गेली, पाच मिनिटांनी परत आली, पुन्हा धरलं. पहाटे दोनला मी झोपायला गेलो तेव्हाही त्यांचं तेच चाललं होतं. सकाळी जुन्या नळीत कोषाची रिकामी टरफलं आणि डासाचा एक पंख होता.