धडका देणारं मूल

सोफ्यावरून उड्या मारणारं, आईला धडकणारं, कडकडून चावणारं स्वमग्न मूल बहुतेकदा खोडसाळ नसतं. स्नायू आणि सांध्यांकडून मेंदूला मिळणारी जाणीव त्याला अपुरी पडते, म्हणून ते जोर शोधतं, अशी मांडणी अमेरिकी व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांच्या कामातून पुढे आली. सिकंदराबादच्या मनोविकासनगरात १९८४पासून बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे अशा मुलांच्या पालकांनाही मार्गदर्शन मिळतं. घरी आदळआपट सुरू होण्याआधीच जोराचं काम द्यावं: अर्धी बादली उचलणं, घट्ट कणीक मळणं, दोन्ही तळहातांनी भिंत ढकलणं. मुलावर ओरडण्या-मारण्याने फक्त आईबापांचाच जीव थकतो. चावणं अचानक वाढलं, तर आधी दात आणि कान तपासून घ्यावेत. न बोलणारं मूल दुखणं असंच सांगतं.