आगगाडी डोंगर कशी चढते?

मलकापूरहून बुलढाण्याला येताना मोताळा मागे पडले की राजूर घाट लागतो. एस. टी. घाटाच्या पायथ्याशी आली की चालक गिअर बदलतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि गाडी वळणे घेत घेत वर चढू लागते. खिडकीशी बसलेल्या मुलाला वाटते, "हा रस्ता सरळच का नाही काढला? किती वेळ वाचला असता!" हाच घाट सायकलवरून चढणाऱ्या मुलाला मात्र असा प्रश्न पडत नाही. त्याच्या पोटऱ्यांनी त्याला उत्तर केव्हाच दिलेले असते.

आता आणखी एक गोष्ट पाहा. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोचला. मलकापूर, नांदुरा, शेगाव या सपाटीवरच्या गावांना त्यामुळे आगगाडी मिळाली. घाटावरच्या बुलढाण्याला, जिल्ह्याचे ठिकाण असूनही, ती आजवर मिळालेली नाही. जो चढ बस सहज चढते तो आगगाडीला एवढा अवघड का जावा? आणि जगात जिथे आगगाड्या डोंगर चढतात, तिथे त्या कोणत्या युक्तीने चढतात?

गुळगुळीतपणाचा फायदा आणि तोटा

आगगाडीची चाके पोलादाची असतात आणि रूळही पोलादाचेच. दोन्ही कठीण व गुळगुळीत. त्यामुळे सपाटीवर गाडी ओढायला फारच थोडे बल लागते. एक टन वजनाला साधारण चार-पाच किलोग्रॅम वजनाएवढी ओढ पुरते. म्हणून तर एकच इंजिन मैलभर लांबीची मालगाडी ओढून नेते.

पण हाच गुण चढावर अवगुण ठरतो. इंजिन पुढे सरकते ते चाक आणि रूळ यांच्यातील घर्षणाच्या आधारावर. हे घर्षण कमी पडले तर चाक जागच्या जागी गरगर फिरते आणि गाडी पुढे जात नाही. कोरड्या रुळावर इंजिनाला फार तर स्वतःच्या वजनाच्या पाव हिस्सा एवढी ओढ मिळते असे धरू या. इंजिन १२० टनांचे असेल तर ओढ झाली ३० टन.

आता समजा, या इंजिनामागे १००० टनांची गाडी आहे आणि चढ आहे ३७ स एक. म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की १ मीटर वर. अशा चढावर एकूण वजनाचा सुमारे सदतिसावा हिस्सा गाडीला मागे खेचत असतो. ११२० ला ३७ ने भागा. उत्तर येते ३० टनांहून थोडे अधिक. म्हणजे इंजिनाची सारी ओढ गाडी नुसती थोपवून धरण्यातच संपली! पुढे जायला काहीच उरले नाही. इंजिनाची शक्ती कितीही वाढवा, चाक घसरू लागले की ती शक्ती वाया जाते.

रबरी टायर आणि डांबरी रस्ता यांच्यातील घर्षण याच्या दुपटी-तिपटीने असते, म्हणून बसला राजूर घाट जड जात नाही. आगगाडीच्या अभियंत्यांना मात्र काही युक्त्या शोधाव्या लागल्या.

मागून ढकला

वर घेतलेला ३७ स एक हा चढ काल्पनिक नाही. मुंबईहून शेगावला येणारी प्रत्येक गाडी तो चढून येते. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ साली सुरू झाला. सुमारे १५ किलोमीटरांत गाडी जवळजवळ ३०० मीटर वर येते. कसाऱ्याला गाडी थांबते आणि मागच्या बाजूला जादा इंजिने जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. ती इगतपुरीपर्यंत गाडी ढकलतात आणि तिथे सुटी होतात.

इंजिने पुढे न जोडता मागे का जोडतात? सारी ओढ पुढून लावली तर पहिल्या डब्याच्या जोडावर सगळ्या गाडीचा ताण येतो. अर्धे बल मागून दिले की तो ताण निम्मा होतो. शिवाय एखादा जोड तुटलाच, तर मागचे डबे घरंगळत जाऊ नयेत म्हणून बँकर पाठ राखून असतो.

वाट लांबवा

दुसरी युक्ती अधिक सुंदर आहे. चढ तीव्र असेल तर वाट लांबवा, म्हणजे चढ आपोआप सौम्य होतो. एक कागद घ्या आणि त्याचा काटकोन त्रिकोण कापा. त्रिकोणाची उभी बाजू पेन्सिलीला लावून तो कागद पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाचा कर्ण पेन्सिलीभोवती वेटोळे घेत वर चढताना दिसेल. उंची तेवढीच राहिली. वाट मात्र थोड्या जागेत लांब झाली.

अशी वेटोळी वाट पाहायला आल्प्स पर्वतात जायला नको. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत. तिथे मेळघाटात, अकोला-खांडवा या मीटरगेज मार्गावर धुळघाट नावाचे स्थानक आहे. या भागात लोहमार्ग डोंगराला फेरा घालतो आणि स्वतःवरूनच पूल टाकून पलीकडे जातो. अकोटहून निघालेली गाडी येथे आली की प्रवासी खिडकीतून खाली डोकावत आणि थोड्या वेळापूर्वी ज्या रुळांवरून आलो तेच रूळ पुलाखाली पाहत. स्वित्झर्लंडमध्ये ब्रुसिओ या गावी असाच एक फेरा आहे. तिथे दगडी कमानींच्या पुलावरून गाडी गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून निघते. तो फेरा पाहायला जगभरातून प्रवासी येतात. धुळघाटाचा फेरा त्याचा भाऊच म्हणायचा.

वाट लांबवली म्हणजे कार्य वाचले काय? नाही. १००० टन वजन ३०० मीटर उचलायचे तर सुमारे ८०० युनिट ऊर्जा लागणारच. एका साध्या घराची ती अनेक महिन्यांची वीज झाली. उंचीचे हे देणे चुकवता येत नाही. लांब वाट एवढेच करते की ते देणे एकरकमी न देता हप्त्याहप्त्याने फेडू देते. बल कमी लागते, अंतर वाढते.

या फेऱ्यात एक गंमत दडलेली आहे. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. एक पूर्ण फेरा घेतला तर हा फरक किती? २π गुणिले दोन रुळांमधील अंतर. मीटरगेजला तो ६.२८ मीटर येतो, मग वर्तुळ लहान असो की मोठे! ब्रॉडगेजमध्ये रुळांतील अंतर १.६७६ मीटर असते. तिथे फरक साडेदहा मीटरांवर जातो. आगगाडीची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे ती वेगवेगळ्या गतीने फिरू शकत नाहीत. चाकांना दिलेला किंचित शंकूसारखा उतार हा फरक सांभाळून घेतो, पण एका मर्यादेपर्यंतच. म्हणून रूळ जितके रुंद, तितके वळण मोठ्या त्रिज्येचे हवे.

गाडीच लहान करा

आता माथेरानच्या गाडीचे रहस्य तुमच्या ध्यानात येईल. नेरळ ते माथेरान हा सुमारे २० किलोमीटरांचा मार्ग १९०७ साली सुरू झाला. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा पुरवला आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मार्ग बांधला. येथे रुळांतील अंतर अवघे ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट आहे. त्यामुळे डोंगराच्या कडेकडेने अगदी तीव्र वळणे घेता येतात. काही ठिकाणी चढ २० स एक आहे. गाडी हलकी, डबे थोडे आणि वेग असा की धावणारा मुलगा तिला गाठू शकेल. हलके ओझे आणि संथ चाल यांच्या बळावर ती साध्या चाकांनीच साडेसातशे मीटरांहून अधिक उंची गाठते.

रुळाला दात लावा

चढ याहून तीव्र झाला की घर्षणावर विसंबता येत नाही. मग दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली एक पट्टी बसवतात आणि इंजिनाखाली दंतचक्र लावतात. चक्राचे दाते पट्टीच्या दात्यांत अडकत जातात आणि इंजिन शिडी चढावी तसे वर चढते. युरोपातील अशी पहिली रेल्वे स्वित्झर्लंडमध्ये रिगी पर्वतावर १८७१ साली निकोलाउस रिगेनबाख यांनी सुरू केली. १८८९ साली पिलाटुस पर्वतावरील रेल्वेने तर कमाल केली. तिथे १०० मीटर पुढे गेले की ४८ मीटर वर असा चढ आहे. एवढ्या चढावर उभे दंतचक्र दात्यांवरून उसळून वर येण्याचा धोका होता. म्हणून अभियंते एडुआर्ड लोखर यांनी चक्रे आडवी केली. पट्टीच्या दोन्ही बाजूंना दाते ठेवले आणि दोन बाजूंनी दोन चक्रांनी तिला चिमट्यासारखे धरले.

दातेरी रेल्वे पाहण्यासाठी आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. तमिळनाडूतील निलगिरी रेल्वे कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात अशीच चढते. तिथला चढ साधारण १२ स एक आहे.

दोराने ओढा

यापुढची पायरी म्हणजे इंजिन गाडीवर ठेवायचेच नाही. ते डोंगरमाथ्यावर ठेवायचे आणि दोराने गाडी ओढायची. आपल्या आडावरचा रहाट आठवा. एक पोहरा वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो, आणि दोन्ही पोहऱ्यांचे वजन एकमेकांना तोलते. फ्युनिक्युलर रेल्वेत दोराच्या दोन टोकांना दोन गाड्या असतात. मोटरला उचलावा लागतो तो फक्त दोन्ही गाड्यांतील वजनांचा फरक. नाशिक जिल्ह्यात वणीच्या सप्तशृंगी गडावर २०१८ साली फ्युनिक्युलर गाडी सुरू झाली. पाचशेच्या आसपास पायऱ्या चढू न शकणाऱ्या वृद्धांची तिने मोठी सोय केली.

स्वित्झर्लंडमधील फ्रिबुर्ग शहरातील गाडीला तर मोटरही नाही. वरच्या गाडीच्या टाकीत शहराचे सांडपाणी भरतात. ती जड होऊन खाली येते आणि खालच्या गाडीला वर ओढते. खाली आल्यावर टाकी रिकामी करतात. १८९९ पासून गुरुत्वाकर्षण हे काम करीत आहे. त्याच देशात श्टोस येथे २०१७ साली सुरू झालेल्या गाडीचा चढ काही ठिकाणी ४५ अंशांहूनही अधिक आहे. तिचे डबे पिंपासारखे गोल आहेत आणि चढ बदलेल तसे ते फिरतात. त्यामुळे आतला माणूस नेहमी सरळ उभा असतो.

पुन्हा धुळघाटाकडे

शेवटी आपल्या शेजारच्या फेऱ्याकडे परत येऊ. २०१७ सालच्या आरंभी अकोला-खांडवा मीटरगेज गाड्या बंद झाल्या. मार्ग ब्रॉडगेज करायचे ठरले होते. अकोला ते अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२ साली सुरूही झाली. पुढे मात्र मेळघाट होता. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी मेळघाट एक आहे. रुंद रूळ, मोठी वळणे, वेगाने धावणाऱ्या अधिक गाड्या हे सारे वाघांच्या वनातून न्यायचे काय, असा प्रश्न उभा राहिला. जुना मार्ग जवळचा होता. नवा मार्ग वनाला वळसा घालून आपल्या जिल्ह्यातील सोनाळा, जामोद या भागातून जाणार आणि तो सुमारे ३० किलोमीटर लांब होणार. वाद बराच झाला. अखेर लांबच्या मार्गाचा स्वीकार झाला.

"तीस किलोमीटरांचा फेरा! केवढे नुकसान!" असे पुष्कळांना वाटले. राजूर घाटात बसच्या खिडकीशी बसलेल्या त्या मुलालाही असेच वाटले होते. अंतर वाढले की वेळ आणि पैसा अधिक लागतो हे खरेच आहे. पण अभियंता केवळ अंतर मोजत नाही. त्या अंतराच्या मोबदल्यात काय मिळाले, हेही तो पाहतो. धुळघाटाला लांब वाटेने सौम्य चढ मिळवून दिला. नव्या मार्गाच्या लांबीतून वन अखंड राहील आणि जिथे आजवर शिटी ऐकू आली नाही अशा संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतील गावांना आगगाडी मिळेल. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडून मगच नफा-तोटा ठरवावा.

करून पाहा

एक गुळगुळीत फळी घ्या. तिच्या एका टोकावर स्टीलची वाटी ठेवा आणि ते टोक हळूहळू उचला. वाटी घसरू लागली की थांबा. फळीच्या उचललेल्या टोकाची उंची आणि फळीचा जमिनीवरील पाया मोजा. उंचीला पायाने भागले की वाटी आणि फळी यांचा घर्षणांक मिळतो. मग वाटीऐवजी खोडरबर ठेवा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. त्यानंतर फळी थोडी ओली करून पाहा. पावसाळ्यात घाट चढणारी इंजिने चाकांपुढे रुळावर वाळू का सोडतात, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच सापडेल.