आपल्या हातची जमीन

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या गावोगावच्या घरांत भिंती गवंडी उभारायचा, आढे-वासे सुतार बसवायचा. जमीन मात्र घरची माणसेच करायची. ती एकदा करून संपत नसे. दर वर्षी उकरायची, ठोकायची, आठवड्याला सारवायची. आज शहरातल्या सदनिकेत एक टाइल तडकली, तर हात लावायच्या आधी आपण कोणाला बोलवायचे याचा शोध घेतो. शंभर वर्षांत घराची जमीन गुळगुळीत झाली, स्वच्छ झाली, टिकाऊ झाली. तिचे ज्ञान मात्र घराबाहेर गेले. ते कसे गेले आणि त्यातले काय परत आणता येईल, हे पाहण्यासाठी हा मागोवा.

भुईचे शास्त्र

पावसाळ्यात ओल धरून उखडलेली जमीन दसरा-दिवाळीच्या सुमारास नव्याने केली जाई. जुना थर उकरायचा, त्यावर मुरूम आणि माती पसरायची, पाणी मारून रात्रभर मुरू द्यायचे आणि मग धुमसाने ठोकायचे. जड धुमस बहुधा पुरुष चालवत. पुढचे सगळे काम बायकांचे. लाकडी चोपणे घेऊन त्या ओळीने बसत आणि हातभर हातभर जमीन बडवत पुढे जात. कुठे खळगा राहिला, कुठे उंचवटा आला, हे तळव्याला कळे. न्हाणीकडे ढाळ किती द्यायचा, उंबऱ्याशी जमीन किती उतरवायची, हे डोळ्याने ठरे.

सारवणाचेही गणित होते. नुसती माती वाळली की भेगाळते. शेणातला चोथा तिला धरून ठेवतो. शेण जास्त झाले तर वरचा थर पोपडे होऊन सुटतो. कोणत्या मातीला किती शेण, हे प्रमाण गावागणिक बदलत असे. कोकणात पाऊस सरला की घरापुढचे खळे नव्याने केले जाई आणि सारवणात कोळशाची पूड मिसळून जमिनीला काळी झाक आणली जाई. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत सारवायचे, म्हणजे ओल्यावर पाय पडत नाही, हे मुली आईच्या शेजारी बसून शिकत.

या श्रमांचे गोडवे गाताना जपून बोलायला हवे. सारवणाने कंबरा धरल्या, गुडघे गेले, आणि आजारी असो वा अवघडलेली असो, घरच्या बाईला त्यातून सुटका नव्हती. सर्वांत मोठा अन्याय म्हणजे हे काम घरकामात जमा झाले, बांधकामात कधीच नाही. गवंड्याच्या कसबाला नाव होते, मजुरी होती. भुई करणाऱ्या बाईच्या कसबाला दोन्ही नव्हते. म्हणून ते कोणी लिहून ठेवले नाही, आणि जमीन बदलताच एका पिढीत ते नाहीसे होऊ लागले.

मातीच्या कामाला मान न मिळण्याला एक ठळक अपवाद आहे. १९३६ साली सेवाग्रामला गांधीजींची आदी निवास ही कुटी माती, बांबू आणि लाकूड अशा जवळपास मिळणाऱ्या वस्तूंतून उभी राहिली. गावातले लोक जे रोज करत होते, तेच देशाच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आले. मातीचे घर ही नाइलाजाची नव्हे, विचारपूर्वक केलेली निवड असू शकते, हे तिथे दिसले.

शहाबादीचा विश्वास

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा सोलापूरकडून निघालेला मार्ग १८७१ साली रायचूरला पोहोचला, आणि वाटेवरच्या शहाबादचा दगड पुण्या-मुंबईच्या आवाक्यात आला. हा चुनखडीचा दगड थरांनी बनलेला आहे. पहार आणि छिन्नी लावली की त्याच्या सपाट लाद्या सुटतात. म्हणून तो स्वस्त पडे. ओटी, माजघर, न्हाणी, देवघर अशा क्रमाने शहाबादी घरात शिरली आणि सारवण मागच्या पडवीपुरते, अंगणापुरते उरले.

शहाबादीचा मोठा गुण म्हणजे ती घरच्या माणसाला दूर ठेवत नाही. परसातली वाट, तुळशीभोवतीचा चौक, हौदाजवळची जागा ही कामे अनेकांनी स्वतः केली. खाली वाळू अंथरायची, दोरी ताणून ओळ धरायची, लादी ठेवून लाकडी ठोकळ्याने बसवायची, पाणसळ लावून बघायची आणि सांधे भरायचे. चुकले तर लादी उचलून परत बसवता येते. घर पाडले तरी लाद्या निघतात आणि दुसऱ्या घराला लागतात. दुरुस्ती आणि पुनर्वापर हे दोन्ही तिच्या स्वभावातच आहेत.

त्याच सुमारास कोबाही पसरला, आधी चुन्याचा, मग सिमेंटचा. खडीच्या थरावर सिमेंट-वाळूचा माल, वर तांबड्या रंगाचे सिमेंट, आणि ते घट्ट होण्याच्या नेमक्या वेळी थापीने घोटायचे. वेळ चुकली की चमक येत नाही. सिमेंट सुकताना आकसते, म्हणून मोठ्या खोलीत काचेच्या पट्ट्या घालून कोब्याचे भाग पाडत. तडा गेलाच तर तो पट्टीशी जावा. घोटाई गवंडीच करे, पण आठवडाभर त्यावर पाणी धरायचे काम घरच्यांचे असे. कोबा किती वर्षे टिकेल, हे निम्मे त्या पाण्यावर ठरत असे.

स्वदेशी टाइल आणि मोझेक

मुंबईच्या श्रीमंत इमारतींत इंग्लंडहून आलेल्या मिंटनच्या टाइल्स बसत होत्या, तेव्हा १९२२ साली फिरोजशा आणि रुस्तुम सिधवा यांनी भारत टाइल्सची सुरुवात केली. स्वदेशीच्या प्रेरणेने निघालेला हा कारखाना सिमेंटच्या रंगीत टाइल्स करू लागला. या टाइल्स भाजत नाहीत. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत वेगवेगळ्या रंगांचे सिमेंट ओतायचे, साचा उचलायचा, मागे कोरडा थर देऊन दाबयंत्रात दाबायचे आणि पाण्यात पक्के होऊ द्यायचे. रंगाचा थर जाड असल्यामुळे पन्नास-साठ वर्षे पाय पडूनही नक्षी पुसत नाही. दक्षिण मुंबईतल्या जुन्या घरांतून आजही त्या दिसतात.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गीयांची जमीन मोझेकची झाली. सिमेंटमध्ये संगमरवराच्या चिप्स घालून दाबलेली टाइल, बसवल्यावर यंत्राने घासलेली. १९५९ साली तिच्यासाठी आयएस १२३७ हे भारतीय मानक आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठचे मातीकामाचे कितीतरी वाडे कोसळले. पूरग्रस्तांसाठी वसाहती उभ्या राहिल्या, सहकारी सोसायट्या वाढल्या, आणि शहराचे जगणे वाड्याकडून मोझेकच्या ब्लॉककडे वेगाने सरकले.

त्या काळात सिमेंट परवान्यावर मिळे. १९८२ साली नियंत्रण काही अंशी उठले, १९८९ साली पूर्ण उठले. तोवर पोते पोते जपून वापरले जाई. घरी उरलेले सिमेंट डब्यात घट्ट बंद करून ठेवायचे, त्यातून भेगा बुजवायच्या, निखळलेली टाइल परत बसवायची, हे सुटीच्या दिवशीचे साधे काम होते. टंचाईने माणसांना हाताशी असलेल्या वस्तूंतून दुरुस्ती शिकवली.

जिन्याची मापे

जमिनीबरोबर पायाखालचा जिनाही बदलला. वाड्यांतला जिना पुष्कळदा जाड भिंतीत काढलेला, अंधारा, उंच पायऱ्यांचा, एका वेळी एकाच माणसाला जाता येईल इतका अरुंद. त्यात संरक्षणाचा विचार होता आणि जागेची काटकसरही. चाळींत लाकडी जिने आले. शेकडो पायांनी फळ्या मधोमध झिजत, आणि रहिवासी पत्र्याची पट्टी ठोकून त्यांना आणखी काही वर्षे चालवत. पुढे काँक्रीटचे जिने आले आणि पायरी कोणी घरी दुरुस्त करण्याची गोष्ट राहिली नाही.

पण जिन्याचे शास्त्र आजही घरच्या टेपने मोजता येते. राष्ट्रीय बांधकाम संहिता पहिल्यांदा १९७० साली आली. तिच्या आजच्या नियमांप्रमाणे राहत्या घरात पायरीची रुंदी किमान २५० मिलिमीटर आणि उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर हवी. सतराव्या शतकातल्या फ्रान्सच्या ब्लाँदेल या वास्तुविशारदाचा नियमही सोपा आहे: दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाइतकी, म्हणजे सुमारे ६० ते ६३ सेंटिमीटर यावी.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सगळ्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या हव्यात. दोन-तीन पायऱ्या चढल्या की पाय उंची लक्षात ठेवतो आणि पुढे न पाहता उचलला जातो. जुन्या फरशीवर नवी टाइल बसवली की खालच्या खोलीची जमीन वर येते आणि पहिली पायरी बुटकी होते. वरच्या मजल्यावर तेच केले की शेवटची पायरी उंच होते. म्हातारी माणसे अशा पहिल्या-शेवटच्या पायरीवर अडखळतात. नूतनीकरणाच्या अंदाजपत्रकात रंग आणि नक्षी असते, ही उंची नसते. ती घरच्यांनीच मोजली पाहिजे. पायरीच्या काठाला खाचा आहेत का, काठ वेगळ्या रंगाने उठून दिसतो का, कठडा शेवटच्या पायरीपर्यंत येतो का, हेही पाहायला कोणतीही पदवी लागत नाही.

चकचकीत जमीन, तुटलेला धागा

नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून व्हिट्रिफाइड टाइल आली आणि गुजरातेतल्या मोरबीने देशभरातल्या घरांची जमीन बदलली. दोन फूट बाय दोन फूट, डाग न धरणारी, पुसायला सोपी. ज्या बायकांनी सारवण केले होते, त्यांच्या दृष्टीने ही खरी मुक्ती होती, आणि ती नाकारायचे कारण नाही. २००१ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ५७ टक्के घरांची जमीन मातीची होती. २०११ मध्ये हे प्रमाण ४७ टक्क्यांच्या आसपास आले.

मात्र ही टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, म्हणून साधे सिमेंट तिच्या पाठीला नीट पकडत नाही. त्यासाठी वेगळे चिकटद्रव्य लागते, ते दातेरी थापीने सारखे ओढावे लागते आणि सांध्यात किमान दोन मिलिमीटर जागा सोडावी लागते. दिसायला अखंड हवी म्हणून टाइल्स एकमेकींना भिडवल्या, की उन्हाळ्यात त्या प्रसरण पावून उचलल्या जातात. काम बघायला उभ्या राहिलेल्या घरमालकाला हे ठाऊक नसते. टाइल फुटल्यावर तो नमुना बाजारातून गेलेला असतो. मग एका टाइलपायी सगळी खोली उखडली जाते.

पुन्हा हातात

धागा अगदीच तुटला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर नवी गावे वसवण्याबरोबरच लाखाहून अधिक घरांचे दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांकडून करून घेतले गेले. स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर गावातल्या बायका संवाद सहायक झाल्या. भिंत कुठे बांधून घ्यायची, माल कसा तपासायचा, हे त्या शेजाऱ्यांना समजावू लागल्या. ज्यांचे बांधकाम कधी बांधकाम मानले गेले नव्हते, त्यांच्याकडे बांधकामावरची देखरेख आली.

पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळकरी मुलांच्या हातात थापी आणि करवत दिली, आणि मोजणे, बांधणे, दुरुस्त करणे हा शिक्षणाचाच भाग आहे हे दाखवले. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात किमान २५ चौरस मीटरचे घर कंत्राटदाराकडून नव्हे, तर लाभार्थ्याने स्वतः बांधायचे असते. घरच्यांच्या मजुरीलाही रोजगार हमीतून पैसे मिळतात. म्हणजे सरकारी योजनेतही घर बांधणारा म्हणून कुटुंबालाच धरले आहे.

शहरातही साधने बदलली आहेत. एकमेकांत अडकणाऱ्या व्हिनाइलच्या पट्ट्या, लहान डब्यातले सांधे भरायचे साहित्य, पायरीच्या काठाला लावायच्या खरखरीत पट्ट्या यांसाठी मिस्त्रीची वाट पाहावी लागत नाही. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडता येत नव्हते, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदा आपल्याच घराची जमीन लक्षपूर्वक पाहिली.

सारवण परत यावे, असे मला मुळीच वाटत नाही. त्याचा भार फार एकतर्फी होता. परत यायला हवी ती जाण, आणि या वेळी ती घरातल्या सगळ्यांची असावी. नवी फरशी घालताना दहा टाइल्स जास्त घेऊन जपून ठेवाव्यात. सांध्यात जागा सोडायला सांगावे. टाइल ठोकून पोकळ आवाज येतो का, ते स्वतः ऐकावे. जिन्याच्या प्रत्येक पायरीची उंची टेप लावून बघावी. छोटी दुरुस्ती मुलामुलींसमोर, त्यांच्या मदतीने करावी. चांगल्या गवंड्याचे काम याने कमी होत नाही. उलट चांगले काम कोणते हे कळणारा घरमालक त्याला मिळतो. ज्या घरात जमिनीविषयी एवढे कळते, तिथे ती कोणी घातली याला फारसे महत्त्व उरत नाही. ती आपल्या हातची झालेली असते.