द्वंद्वक्रीडेचें आयुध

हत्याराची पारख हा विषय उदगीरला नवा नाहीं. १७६० सालीं येथें सदाशिवरावभाऊंनीं निजामास नमविलें, त्यांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. हल्लीं घरोघरीं नातवंडें पडद्यावर द्वंद्व खेळतात, आणि कोणतें नियंत्रक घ्यावें हा प्रश्न वडीलमंडळींपुढें येतो. पोरखेळ म्हणून तो झटकूं नये. २०२३ सालीं हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत 'स्ट्रीट फायटर' या खेळास पदकें होतीं व आपले खेळाडूहि तेथें उतरले होते.

दोन्ही हातांत धरावयाच्या 'पॅड'चा बहुतेक भार डाव्या अंगठ्यावर पडतो. दांड्याचें यंत्र मांडीवर किंवा मेजावर ठेवून खेळतात, त्यांत मनगट राबतें. जपानी दांड्याभोवतीं बहुधा चौकोनी चौकट असते, म्हणून कोपरा हातास कळतो. कोरियन दांडा रबराच्या जोरानें चटकन् मध्यावर परततो, आणि 'टेकेन' खेळणारे त्यास फार मानतात. तिसऱ्या प्रकारांत दांडाच नाहीं, नुसत्या कळा! पेटी वाजविणाऱ्या मुलास तो लवकर वठेल, असा माझा तर्क आहे. मात्र त्यांत डावी-उजवी कळ एकदम दाबतां येते, आणि त्यावर मोठ्या स्पर्धांचे नियम आहेत. ते आधीं वाचावे.

माझ्या मतें यंत्रासोबत आलेल्या पॅडवरच प्रथम सहा महिने काढावे. अंगठा दुखूं लागला, तरच पैशाची थैली सोडावी. आणि तेव्हांहि, 'प्लेस्टेशन'चें नियंत्रक 'एक्सबॉक्स'वर चालेलच असें नाहीं, हें दुकानदारास विचारून घ्यावें.