आई-वडिलांचा सांभाळ आणि राहतं घर: बक्षीसपत्राआधी हे वाचा



समजा, आष्टीच्या बाजारात तुमचं दुकान आहे. वडील अंथरुणाला खिळलेत, दिवसरात्र माणूस लागतो. खर्च गल्ल्यातून जातो, माल कमी भरला जातो आणि शेवटी घरावर कर्ज निघतं. हे टाळायचं असेल तर तीन कामं करा.

१. खर्च वेगळा लिहा. माणसाचा पगार, औषधं, डायपर यांची महिन्याची बेरीज काढा. भावंडांचे वाटे कागदावर ठरवा.

२. योजनेची मर्यादा ओळखा. ७० वर्षांपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर! घरी ठेवलेल्या माणसाचा पगार त्यातून निघत नाही.

३. घाईत घर नावावर करू नका. मुलाच्या नावे राहत्या घराचं बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क २०० रुपये, अधिभार वेगळा. स्वस्त वाटतं, पण मालकी लगेच जाते. करायचंच असेल तर ‘सांभाळ करीन’ ही अट त्यात स्पष्ट लिहा. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करायचा. अट लिहिलेली नसेल तर केस अवघड जाते.

त्यापेक्षा मृत्युपत्र बरं. हयातीत घर आई-वडिलांचंच राहतं, आणि मृत्युपत्र कधीही बदलता येतं.

आज एवढंच करा: घराचे कागद काढा, भावंडांना फोन लावा.