सहलीत लेकरांची झोप

मे महिन्यात आमच्या वस्तीची बस खोपोलीच्या इमॅजिकाला गेली होती. तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून आम्ही लहानग्यांनाही दिवसभर फिरवलं. दुपारी तीनला एक अडीच वर्षांचं पोर जमिनीवर लोळून रडू लागलं. आईनं धपाटा घातला, मग तीही रडली. पोर हट्टी नव्हतं. पहाटे ४ ला उठवलेलं होतं.

एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्याला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून घरी मूल ज्या वेळी झोपतं, त्याच वेळी सावलीत चादर अंथरून झोपवा, ओढणीचा आडोसा करा. तासभर पुरे. जवळ आईनंच का बसायचं? बापानं बसावं, ती पाळण्यात बसून येईल.

परतताना बसमध्ये झोपलं तर घरी उठवू नका, तसंच अंथरुणावर ठेवा. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीच्याच वेळेला उठवा.

एक लक्षात ठेवा. उन्हात अंग तापलेलं, बराच वेळ लघवी न झालेलं, हाक मारूनही नीट जागं न होणारं मूल झोपेला आलंय असं समजू नका. त्याला लगेच दवाखान्यात न्या.