समुद्रातली बोअर: खर्चाचा अंदाज का चुकतो?



लग्नसराई सुरू आहे. आहेराच्या पाकिटात मोठ्या नोटेबरोबर एक रुपयाची कोरी नोट घालायची आपली रीत. परवा आमच्या बचत गटाच्या बैठकीत पाकिटं भरता भरता एका मावशींनी ती नोट उलटी केली आणि विचारलं, “हे जहाज होय का वं?”

नोटेच्या मागे पाण्यात उभं दिसतं ते ‘सागर सम्राट’. समुद्राच्या तळावर पाय रोवून तेलाची विहीर खोदणारं ते यंत्र. आज त्याच्याबद्दल बोलायचं कारण असं, की त्याच बैठकीत आमच्यापुढे एक अर्ज आला होता. गटातल्या एका मैत्रिणीला शेतात बोअर घ्यायला कर्ज हवं आहे. अर्जावर खर्चाचा एकच आकडा आहे. तो पुरेल का, हे आम्हाला पुढच्या बैठकीत ठरवायचं आहे.

आधी सागर सम्राटची गोष्ट. जपानमध्ये बांधलेल्या या यंत्राने फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटर आत समुद्रात तेल शोधलं. तेच मुंबई हाय. 1976 मध्ये तिथून तेल निघू लागलं. तिथला वायू पुढे चेंबूर आणि थळच्या खत कारखान्यांना मिळाला, त्यातून युरिया बनू लागला. वऱ्हाडात समुद्र नाही, पण त्या समुद्रातलं काहीतरी आपल्या कपाशीपर्यंत पोचलं.

पुढे सागर सम्राट म्हातारं झालं. खोदकाम थांबवून त्यावर तेल आणि वायू वेगळे करण्याची यंत्रणा बसवायची, असं ओएनजीसीने ठरवलं. ते काम 2011 मध्ये ठेकेदारांकडे सोपवलं गेलं. नव्या रूपात ते कामाला लागलं डिसेंबर 2022 मध्ये. मध्ये अकरा वर्षं गेली.

असं का होतं? आपल्या खारपाणपट्ट्यातल्या बायांना हे सांगायची गरज नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा भागात कोणी बोअर मारली, की पाणी लागेल का आणि लागलं तर गोडं की खारं, हे आधी कोणाला ठाऊक असतं? पाणाड्या सांगतो, पण जमिनीच्या पोटात कोणी पाहिलेलं नसतं. मशीनवाल्याचा दर मात्र फुटामागे. पाणी लागो न लागो, खोली वाढली की बिल वाढलं.

समुद्रातही तेच आहे, फक्त आकडे मोठे. आवाजाच्या लाटा तळाकडे सोडून खालच्या खडकाचा अंदाज घेतात. पण खरं काय ते विहीर खोदल्यावरच कळतं. खोदणारं यंत्र दिवसाच्या भाड्याने येतं, त्यामुळे काम लांबलं की भाडं चढतं. जगात तेल महाग झालं की सगळेच खोदायला निघतात, मग यंत्रांचं भाडं आणि पोलादाचे दरही वाढतात. अरबी समुद्रात पावसाळ्यात मोठे सांगाडे बसवता येत नाहीत. मे महिन्यापर्यंत काम उरकलं नाही, तर दिवाळीच्या सुमारापर्यंत थांबावं लागतं. पेरणीची वेळ चुकण्यासारखंच हे. आणि थांबलेल्या पैशावर व्याज चालूच असतं.

आता दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यासमोरची, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातली.

पहिलं ओएनजीसीचं. मार्च 2016 मध्ये तिथल्या एका प्रकल्पाला मंजुरी मिळाली. खर्च 500 कोटी डॉलरच्या पुढे धरला होता. वायू 2019 मध्ये आणि तेल 2020 मध्ये यायचं होतं. मध्ये कोरोना आला, सामान अडकलं. पहिलं तेल आलं जानेवारी 2024 मध्ये. पैसा गुंतलेला, पण तेलाची कमाई जवळपास चार वर्षं लांबली. खर्चाचा आकडा वाढला नाही, तरी नुसता उशीर हाही तोटाच असतो.

दुसरं उदाहरण रिलायन्सच्या केजी-डी6 चं. इथे समुद्र काही ठिकाणी एक हजार मीटरहून खोल आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून जितका उंच, जवळपास तितकं पाणी. 2004 मध्ये खर्चाचा अंदाज 240 कोटी डॉलरच्या घरात होता. 2006 मध्ये तो सुमारे 880 कोटी डॉलरवर गेला. क्षमता दुप्पट करायची आहे, दिवसाला 4 कोटींऐवजी 8 कोटी घनमीटर वायू काढायचा आहे, असं कारण दिलं गेलं. क्षमता दुप्पट, खर्च साडेतीन पटींहून जास्त. वायू एप्रिल 2009 मध्ये सुरू झाला, 2010 मध्ये दिवसाला 6 कोटी घनमीटरपर्यंत पोचला आणि मग घसरला. 2014 पर्यंत तो दीड कोटीच्या खाली आला. कंपनी म्हणाली, खालचा खडकच अनपेक्षित निघाला. सरकार म्हणालं, ठरल्याइतक्या विहिरी खोदल्या नाहीत. कॅगने 2011 च्या अहवालात या खर्चावर प्रश्न विचारले आणि वाद लवादापर्यंत गेला.

या वादाचं मूळ करारात होतं. आधी कंपनीने आपला खर्च वसूल करायचा, मग उरलेल्या नफ्यात सरकारला वाटा द्यायचा, असा तो करार. आपल्याकडची बटई आठवा. बी, खत, फवारणी, मजुरी आधी वजा करायची आणि उरेल ते वाटून घ्यायचं, असं ठरलं की कष्टकऱ्याने मांडलेला खर्च जितका मोठा, तितका मालकिणीचा वाटा लहान. वही तपासायची सोय नसेल, तर भांडण ठरलेलंच. इथे मालकीण म्हणजे आपण सगळ्या. समुद्रातलं तेल देशाचं आहे.

2016 मध्ये सरकारने नव्या करारांसाठी रीत बदलली. आता खळ्यावर रास पडली, की राशीतूनच वाटा घ्यायचा. खर्च किती झाला, हे कंपनीचं कंपनीने बघावं. त्याने खर्चाचं भांडण मिटतं. पण सगळी जोखीम कंपनीवर गेली, की अवघड जागी खोदायला ती कचरते. आपला देश 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, त्यामुळे अवघड जागाही कोणीतरी खोदायला हव्यात.

एक गैरसमज मात्र नको. एखाद्या प्रकल्पाचा खर्च वाढला, म्हणून उद्या आपला सिलिंडर महाग होत नाही. त्याचे दर बहुतेक जागतिक बाजारावर आणि सरकारच्या निर्णयावर ठरतात. पण ओएनजीसीत सर्वांत मोठा हिस्सा सरकारचा आहे. तिथे अडकलेला पैसा सरकारच्या तिजोरीत यायचा थांबतो, आणि त्याच तिजोरीतून शाळा, दवाखाने चालतात.

आता आमच्या गटातल्या अर्जाकडे येऊ. कर्ज द्यायचंच नाही, असं आमचं म्हणणं नाही. पाण्याशिवाय तिची संत्र्याची झाडं वाचणार नाहीत, हे आम्हाला दिसतं आहे. म्हणून आम्ही अर्ज परत पाठवला नाही, त्यावर तीन ओळी वाढवायला सांगितल्या. ठरलेल्या खोलीवर पाणी लागलं नाही, तर आणखी किती फूट जायचं आणि कुठे थांबायचं? काम लांबलं, तर मधल्या महिन्यांचे हप्ते कशातून भरायचे? आणि जास्तीचा खर्च कोणी सोसायचा, तिने एकटीने की गटाने मिळून?

तिसरी ओळ आम्हा सगळ्याजणींना मिळून लिहायची आहे. पुढच्या सोमवारी बैठकीत ती लिहू, आणि मगच मशीनवाल्याला बोलावू.